मदत हवी आहे: तीन रोपं, तिन्हींवर 'सेज'ची चिठ्ठी. काढ्यात टाकण्याजोगं कोणतं?

नमस्कार मंडळी. आमचं घर नागपूरला नरेंद्रनगरात आहे, गच्ची पश्चिमेला उघडी. पावसाळ्यात एका नर्सरीतून तीन रोपं आणली. तिन्ही कुंड्यांना एकच चिठ्ठी, 'सेज'. पण तिघांचं एकमेकांशी काहीच जुळत नाही.

पहिलं चांगलं कमरेएवढं झुडूप आहे. पानं लहान, रुपेरी, त्यांवर दाट लव. सप्टेंबरात झड लागली आणि त्यानंतर अख्खं झुडूप जांभळ्या घंटांनी भरून गेलं. ती गळाल्यावर आता नुसती पानं. दुसऱ्याची पानं हिरवी, शेंड्याला निळ्या फुलांचे उभे तुरे, आणि तुऱ्याच्या दांड्यावर कणीक भुरभुरल्यासारखी पांढरी पूड. तिसरं अजून वीतभरच आहे. पानं लांबट, राखाडी-हिरवी, पाठीपोटी बारीक दाणेदार. चुरगळलं की कापराकडे जाणारा उग्र वास येतो.

विचारायचं कारण असं की माझे मिस्टर शिक्षक आहेत, थंडी सुरू झाली की त्यांचा घसा बसतो. सेजच्या पानांच्या पाण्याने गुळण्या करतात असं वाचलं होतं. सासूबाई पहिल्या झुडपाकडे बघून म्हणाल्या, "एवढी पानं आहेत, उगाच गळून राहिली. चार टाकू का काढ्यात?" मी त्यांना थांबवलं. ओळख पटल्याशिवाय कोणतंही पान कुणाच्या पोटात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. घरात लहान मूलही आहे.

तर यातलं खाण्याचं कोणतं? आणि मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा ही रोपं जगवायची कशी? हिरवी जाळी आहे, पूर्वेला पत्र्याची थोडी शेडही आहे.

प्रतिसाद (मानेवाडा)

ताई, सासूबाईंना थांबवलंत ते फार बरं केलंत. तुमच्या वर्णनावरून पहिलं झुडूप सेज नाहीच. ते ल्युकोफायलम, मूळचं टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोचं. तिकडे त्याला टेक्सास सेज म्हणतात, तेच नाव नर्सरीत चालतं. पाऊस पडून हवा दमट झाली की ते फुलतं, तुमची झडीनंतरची फुलं हीच त्याची खूण. खात्री करायची तर कोवळी फांदी दोन बोटांत धरून फिरवा. खरं सेज म्हणजे साल्विया, तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं. त्याची फांदी चौकोनी, कडा बोटांना लागतात, आणि पानं समोरासमोर जोडीने येतात. ल्युकोफायलमची फांदी चौकोनी नसते.

पण नुसत्या चौकोनी फांदीवर विसंबू नका, तुळशीचीही तशीच असते. फूल उघडून बघा. साल्वियाचं फूल दोन ओठांचं आणि आत पुंकेसर दोनच. तुळशीच्या फुलात चार असतात. भिंग असलं तर उत्तम. बऱ्याच साल्वियांत बारीक काडी फुलाच्या तोंडात सरकवली की पुंकेसर खाली झुकतात. आत शिरणाऱ्या मधमाशीच्या पाठीवर पराग लागावेत म्हणून ही सोय.

दुसरं साल्विया फॅरिनेशिया, शोभेचं. दांड्यावरची ती पूड हीच त्याची ओळख. मधमाश्या भरपूर येतात, तुरे उलटे टांगून वाळवले तर फुलदाणीत छान राहतात. स्वयंपाकात मात्र नको. तिसरं बहुतेक साल्विया ऑफिसिनॅलिस, खाण्याचं सेज तेच. तरी पानाचे आणि फांदीचे जवळून घेतलेले फोटो टाकाच.

आता उन्हाळा. ल्युकोफायलमची काळजी करू नका, त्याला ऊन हवंच. मुळाशी पाणी साचलं तर जातं. फॅरिनेशिया आपल्याकडे थंडीतच खरं फुलतं. मार्चमध्ये अर्ध्यावर छाटून जाळीखाली न्या, जगलं तर जगलं, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा बी टाका. खरी कसरत तिसऱ्याची. ते भूमध्य समुद्राकडचं, उन्हापेक्षा आपल्या पावसाने जास्त मरतं. नुसती काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून ठेवते. निम्मी रेती, उरलेल्यात माती आणि थोडंसं कुजलेलं शेणखत. कुंडी मातीचीच घ्या, खालचं भोक मोठं असू द्या. मार्चपासून सकाळचं ऊन तेवढं मिळू द्या आणि जूनमध्ये पाऊस लागायच्या आत ते पत्र्याखाली गेलंच पाहिजे.

प्रतिसाद (पुणे)

गुळण्यांबद्दल थोडं. ऑफिसिनॅलिसच असल्याचं पक्कं झालं तर दोन-चार पानं उकळत्या पाण्यात झाकून ठेवा, गाळून कोमट झाल्यावर गुळण्या करा. पण या सेजमध्ये थुजोन नावाचं, जास्त झालं तर बाधणारं द्रव्य असतं, म्हणून रोज कपच्या कप पिऊ नये. गरोदरपणात किंवा कुणाला फिट येत असेल तर औषध म्हणून घेऊच नये, लहान मुलालाही देऊ नका. जेवणात दोन पानं तुपात कुरकुरीत करून उकडलेल्या बटाट्यावर टाकायला हरकत नाही. आणि नर्सरीतून आणलेल्या रोपावर काय फवारलंय कळत नाही, जुनी पानं काढून टाका आणि नव्या फुटीचीच वापरा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. फांद्या आत्ताच बोटांत फिरवून पाहिल्या. रुपेरी झुडपाची गोल, बाकी दोन्हींच्या कडा स्पष्ट लागतात. निळ्या फुलात पुंकेसर दोनच दिसले. तिसऱ्याचे फोटो उद्या उजेडात काढून टाकते, तोवर सासूबाई अडुळसा आणि तुळशीवरच काढा करणार आहेत. एक राहिलं: तिसरं रोप पावसाळ्यात गेलंच तर हाताशी दुसरं असावं म्हणून शेंडे खुडून लावायचे आहेत. पाण्यात ठेवू की रेतीत, आणि कधी?

प्रतिसाद (मानेवाडा)

रेतीत. पाण्यात मुळं फुटली तरी मातीत नेल्यावर रोप मान टाकतं. रोप जरा भरू द्या, जानेवारीत चार बोटं लांबीचे, फूल न आलेले शेंडे घ्या, खालची पानं काढून ओलसर रेतीत खोचा आणि सावलीत ठेवा. चांगली मुळं धरेपर्यंत हलवू नका.