मदत हवी आहे: एमजीबी सुरू होते पण रेस घेत नाही
मंडळी, १९६५ची एमजीबी आहे (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसी, एसयू कंपनीच्या दोन कार्ब्युरेटरवाली. बरीच वर्षं झाकून पडलेली, आता रस्त्यावर आणायचीये. टाकी साफ केली, इग्निशनचे पॉइंट घासले, आयडलला बरी चालते पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरमधून फटफट करत बंदच पडते. मागच्या कार्ब्युरेटरचा पिस्टन (हवेच्या ओढीने वर-खाली होणारा) बोटाने उचलून सोडला तर मधेच अडकतो, पुढचा मात्र टक् करून खाली बसतो, डॅशपॉटमध्ये (पिस्टनच्या वरच्या नळीत) तेल दोन्हीकडे आहे. जेट (पेट्रोल येतं ते भोक) सेंटर करावा लागेल का त्यात शिरणारी पिस्टनची नीडल वाकली असेल, आधी काय बघू? दुसरं म्हणजे गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं), डायनॅमोवाली, निगेटिव्ह करून घ्यावी का? मला तरी राहू द्यावीशी वाटते, उगाच जुन्या वायरिंगला हात कशाला. ब्रेकची रबरं बदलणारच आहे, त्यावर लेक्चर नको प्लीज 😄