सीमा रेल्वेने, खोरी गाडीने : युरोपात दोन्ही जोडून फिरलेल्यांचे अनुभव

नमस्कार मंडळी. गेल्या मे महिन्यात आई-बाबा आमच्याकडे जर्मनीत श्टुटगार्टला आले होते. बाबांना शेजारच्या फ्रान्समधल्या अल्सास भागातली द्राक्षमळ्यांची गावं बघायची होती. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे बस गाठायची धावपळ नको होती. इथूनच भाड्याची गाडी न्यावी असं मनात होतं. पण तिथून पुढे पॅरिसला जायचं होतं, आणि जर्मनीत घेतलेली गाडी फ्रान्समध्ये सोडायची म्हटल्यावर नुसतं सोडण्याचं शुल्क तीन दिवसांच्या भाड्याहून जास्त निघालं. अल्सासमधलं स्ट्रासबुर्ग शहर तर अगदी सीमेवर आहे. 2017 पासून तिथली ट्राम राईन नदी ओलांडून जर्मनीतल्या केल गावात जाते. अंतर ट्रामचं, पण गाडीच्या हिशेबात तो परदेशच.

शेवटी स्ट्रासबुर्गपर्यंत रेल्वेने गेलो, दीड तासही लागला नाही. स्टेशनजवळ गाडी घेतली, एगिसहाइम, रिकविर, कोलमार असं निवांत फिरलो, तिथेच गाडी परत केली आणि पॅरिसची तेजेवे, म्हणजे फ्रान्सची वेगवान रेल्वे, धरली. पावणेदोन तासांत पॅरिस! बाबा अजून त्या तीन दिवसांबद्दल बोलतात. एकच अडचण आली: गाडी द्यायला साडेबाराला पोचलो तर ऑफिस जेवणासाठी दोनपर्यंत बंद. पुढची रेल्वे हातात होती म्हणून निभावलं. फ्रान्समध्ये छोट्या ऑफिसांच्या दुपारच्या आणि रविवारच्या वेळा आधी बघाच.

तुम्हीही असं फिरला असाल तर लिहा. गाडी कुठे घेतली, कुठे सोडली, काय अडलं, सगळं सांगा. आमच्यासारखे आई-वडिलांना घेऊन जाणारे बरेच जण आहेत, त्यांना उपयोग होईल.

म्यूनिकहून

इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांसाठी आम्ही दोनदा म्यूनिकहून गाडीनेच गेलो आणि दोन्ही वेळा ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर घाटात अडकलो. ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे महामार्ग वापरायचा पास, घ्यायचं आणि वर ब्रेनरच्या रस्त्याचा टोल वेगळा. त्यात 1 जानेवारी 2025 पासून त्याच रस्त्यावरच्या लुएग पुलावर दुरुस्तीमुळे बरेच दिवस दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका. तिसऱ्या वेळी रेल्वेने बोत्सेनला गेलो, साधारण चार तास. 1867 सालचा लोहमार्ग आहे, खिडकीतून बघत राहावं असा. गाडी बोत्सेनला घेतली, फुनेस खोरं आणि गार्देना घाट केला, गाडी तिथेच परत. तिकीट काढताना लक्षात ठेवा, तिथे प्रत्येक गावाला जर्मन आणि इटालियन अशी दोन नावं आहेत. बोत्सेन म्हणजेच बोल्झानो. आणि आल्पे दी सिउसी ह्या उंचावरच्या कुरणांच्या पठारावर दिवसा 9 ते 5 खासगी गाड्यांना रस्ता बंद असतो. खाली सिउसी गावात गाडी लावून केबल कारने वर जायचं.

नाशिकहून

आमचा अनुभव कटू आहे, पण कुणाचं तरी नुकसान टळेल म्हणून लिहिते. लायसन्स ह्यांचं, बुकिंग ह्यांच्या नावाने, पण क्रेडिट कार्ड माझं. काउंटरवर सांगितलं की डिपॉझिट चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर लागेल. ह्यांच्याकडे फक्त डेबिट कार्ड. गाडी मिळाली नाही, भरलेले पैसेही परत आले नाहीत. ते नियमात लिहिलेलं होतं, पण आम्ही ते आधी वाचलं नव्हतं. चार दिवस बसने फिरलो.

आंतरराष्ट्रीय परवाना मात्र नीट काढला होता. आरटीओत 1000 रुपये फी, मुदत एक वर्ष. सोबत आपलं मूळ लायसन्स लागतंच, नुसता परवाना चालत नाही. बुकिंग करताना 'ऑटोमॅटिक' मुद्दाम निवडा. तिकडे साधारणपणे गिअरची गाडी मिळते, आणि उजव्या हाताने गिअर टाकत रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणं पहिल्या दिवशी फार अवघड जातं.

बाझेलहून

स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या आमच्या बाझेलच्या विमानतळाबद्दल लिहायलाच हवं. तो फ्रान्सच्या जमिनीवर आहे आणि एकाच इमारतीत एक बाजू फ्रेंच, एक स्विस. गाड्यांचे काउंटरही दोन्हीकडे वेगळे. माझ्या बहिणीने स्वस्त म्हणून फ्रेंच बाजूची गाडी घेतली आणि स्वित्झर्लंड फिरायला निघाली. त्या गाडीवर स्विस विन्येट नव्हतं. ते 40 फ्रँकचं असतं, वर्षभरासाठीच मिळतं. 2023 पासून ई-विन्येट गाडीच्या नंबरावर घेता येतं, त्यामुळे महामार्गावर चढण्याआधी फोनवरून काम झालं.

त्सेरमाट ह्या स्विस डोंगरातल्या गावात गाडी नेताच येत नाही, अलीकडच्या टेशला लावून पुढे 12 मिनिटं रेल्वे. वेंगेन, म्युरेन इथेही तेच. स्वित्झर्लंडमध्ये गाडी घेऊच नका असं माझं प्रामाणिक मत आहे.

फ्रांकफुर्टहून

थोडं वेगळं मत मांडतो. गोल फेरी असेल तर सीमा ओलांडतानाही गाडीच बरी. दोन लहान मुलं, दोन कार सीट, बाबागाडी, एवढं सगळं घेऊन रेल्वे बदलून पाहा! आम्ही म्यूनिकला गाडी घेतली, साल्झबुर्ग, हालश्टाट करून परत म्यूनिकलाच दिली. परदेशात सोडण्याचं शुल्क नाही, फक्त ऑस्ट्रियाचं विन्येट. मात्र कुठल्या देशात नेणार ते बुकिंगच्या वेळीच सांगा. न सांगता नेली तर विमा लागू होईलच असं नाही.

पुण्याहून, निवृत्त दांपत्य

आम्ही 2019 च्या सप्टेंबरात स्लोव्हेनियाला गेलो होतो. ल्युब्लियानाला गाडी घेतली, ब्लेड आणि बोहिन्य पाहिलं. तिथून सोचा नदीच्या खोऱ्यात जायला एक रस्ता व्रशिच घाटातून आहे, 50 नागमोडी वळणांचा. ह्या वयात मला तो नको होता. घरमालकीणबाईंनी सांगितलं, बोहिन्स्का बिस्त्रित्साहून गाडी रेल्वेवर चढवा. उघड्या सपाट डब्यांवर गाड्या ओळीने चढतात, हँडब्रेक ओढायचा आणि आत बसून राहायचं. मग सहा किलोमीटरहून लांब बोगदा, 1906 सालचा. संपूर्ण अंधार, गार वारा, पत्नीने माझा हात घट्ट धरलेला. पलीकडे मोस्त ना सोची स्टेशनात उतरलो, आणि त्या नदीचा हिरवा-निळा रंग मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलेला नाही.

गाडी नोव्हा गोरित्साला परत केली, म्हणजे स्लोव्हेनियातच. तिथल्या स्टेशनसमोरच्या चौकातूनच सीमा जाते. 1947 मध्ये ती आखली गेली, तिथलं कुंपण 2004 मध्ये काढलं. आता जमिनीत एक गोल चकती आहे, तिच्या अलीकडे स्लोव्हेनिया, पलीकडे इटली. बॅगा ओढत आम्ही पायी इटलीत गेलो, मग बसने गोरित्सिया स्टेशन आणि रेल्वेने व्हेनिस.

ठाण्याहून

काकांचं वाचून लगेच नोंदी केल्या, मनापासून आभार. माझी एकच भर: शेंगेन व्हिसा असला तरी पासपोर्ट हाताशी ठेवा. ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना आमच्या डब्यात पोलीस तपासणीला आले तेव्हा पासपोर्ट सगळ्यात मोठ्या बॅगेत, आणि ती बॅग डब्याच्या दुसऱ्या टोकाला होती. पोलीस शांतपणे थांबले, पण सासूबाई फार घाबरल्या. त्यांच्या पर्समध्येच त्यांचा पासपोर्ट असायला हवा होता.