मदत हवी आहे: गाणे आणि अभिनय एकत्र शिकता येईल असे नाट्यशिक्षण कुठे घ्यावे?

सर्वांना नमस्कार.

माझी धाकटी बहीण यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला नाटकाचे रीतसर शिक्षण घ्यायचे आहे. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्यात एका खेड्यात राहतो. घरी धानाची शेती आहे आणि आमच्या घराण्यात महाविद्यालयात जाऊन कला शिकलेले आजवर कोणी नाही. त्यामुळे जाणकारांकडून मार्गदर्शन हवे आहे. मी जेवढी माहिती गोळा केली आहे ती खाली देतो, म्हणजे तुम्हाला उत्तर देणे सोपे जाईल.

बाहेरच्या वाचकांसाठी आमच्या भागाविषयी थोडेसे सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टीत हलक्या धानाची कापणी होऊन दिवाळी आटोपली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटे संपतो. काही गावे गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाटक कंपनीकडून संपूर्ण नाटक घेतात, तर काही गावांत मंडळ स्वतः नाटक बसवते आणि स्त्री भूमिकांसाठी बाहेरून कलाकार बोलावते. आमचे मंडळ दुसऱ्या प्रकारचे आहे, मात्र बहीण काम करू लागल्यापासून नायिका गावातलीच असते. त्याच नाटकांना मी ऑर्गनची साथ करतो.

साथीला बसणाऱ्याला जे जवळून दिसते ते सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट कळणार नाही. पद यायच्या आधी, संवाद चालू असतानाच मी हलका स्वर धरून ठेवतो. बहुतेक कलाकार संवाद संपवतात, क्षणभर थांबतात, माझ्याकडे पाहून स्वर घेतात आणि मग गायला लागतात, आणि तेवढ्या वेळात पात्र बाजूला पडून समोर फक्त गायक उभा राहतो. बहीण मात्र शेवटच्या वाक्यातच आवाज हळूहळू काळी चार या पट्टीच्या षड्जाकडे नेते, त्यामुळे बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले हे समजतसुद्धा नाही. मागच्या हंगामात नाटकातील नायिकेच्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या एका प्रवेशात तिला जोरदार वन्समोर मिळाला, तरीही तिने पद पुन्हा घेतले नाही, कारण बापाच्या प्रेताजवळ बसलेली मुलगी तेच दुःख दुसऱ्यांदा गाणार नाही असे तिचे म्हणणे होते. मंडळातील ज्येष्ठांना ते रुचले नाही. मला मात्र त्या रात्री खात्री पटली की या मुलीला शिकवणारे कोणीतरी भेटले पाहिजे.

तिच्या उणिवाही स्पष्ट आहेत. खालच्या सप्तकात तिचा आवाज टिकत नाही. उघड्या पटांगणात थंडीत गाताना ती घशावर जोर देते, त्यामुळे पहाटेपर्यंत घसा बसतो. टांगलेल्या माईकखाली उभे राहून बोलण्याची सवय लागल्यामुळे अंगाची हालचाल मोकळी होत नाही. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, तो प्रमाण मराठीतील संवादांतही येतो. हे सारे शिक्षणाने सुधारेल असे मला वाटते, पण ते सुधारताना तिच्यात जे आपोआप आले आहे ते पुसले जाऊ नये, ही माझी मोठी काळजी आहे.

खरी अडचण अशी की मी जिथे जिथे चौकशी केली तिथे संगीत आणि नाटक हे वेगवेगळे विभाग निघाले. एका ठिकाणी तर मला स्पष्ट सांगण्यात आले की मुलीने आधी गायिका व्हायचे की अभिनेत्री हे ठरवून यावे. ज्या मराठी रंगभूमीवर अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले आणि सूत्रधाराने सर्वांच्या वतीने गाण्याऐवजी पात्रांनी स्वतः गावे अशी रीत रुजवली, त्या रंगभूमीच्या शिक्षणात हा प्रश्न विचारला जावा याचे मला मनापासून वाईट वाटते. परदेशांत सांगीतिक रंगभूमीच्या स्वतंत्र पदव्या असतात आणि त्यांत गायन, अभिनय व नृत्य एकाच विद्यार्थ्याला एकत्र शिकवले जाते, असे वाचले आहे. तिथे पाठवणे आम्हाला शक्य नाही, पण त्या पद्धतीच्या जवळ जाणारे शिक्षण आपल्याकडे कुठे मिळेल?

माझ्या माहितीतील पर्याय असे आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीने संगीत, नृत्य आणि नाट्य हे तिन्ही विषय एकाच छताखाली शिकवले जातात आणि बारावीनंतर पदवीला प्रवेश मिळतो. दुसरा पर्याय छत्तीसगडमधील खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचा आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ केवळ कलांसाठीच आहे, तिथे नाट्य विभागही आहे, आणि आम्हाला ते पुण्यापेक्षा पुष्कळ जवळ पडते, कारण ब्रह्मपुरीहून रेल्वेने गोंदिया गाठून पुढे डोंगरगडला उतरता येते. माध्यम हिंदी आहे, पण आमच्या भागातील मुलांना हिंदी जड जात नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात, मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाण्याचा विचार पदवीनंतर करता येईल असे दिसते. त्यांपैकी दिल्लीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तर पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव दोन्ही लागतात.

त्यामुळे पहिला प्रश्न वेळेचा आहे. तिने आताच घर सोडून नाट्यविषयात पदवी घ्यावी, की तालुक्याच्या महाविद्यालयात संगीत विषय घेऊन बी.ए. करावे, हंगामात झाडीपट्टीत काम करत राहावे आणि मग दिल्ली किंवा मुंबईची तयारी करावी? दुसरा प्रश्न असा की नाट्य विभागात प्रवेश घेतल्यास गायनाची बाजू कशी सांभाळावी? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत ती प्रवेशिका पूर्णपर्यंत आली आहे.

तिसरा प्रश्न पैशांचा आहे. राज्य शासनाने २०२४ पासून ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले आहे. नाट्यशास्त्राची पदवी त्यात धरली जाते का? डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेविषयीही हीच शंका आहे.

घरच्या विरोधाविषयी फार लिहीत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून बाबांचे बोलणे बरेच बदलले आहे. आईला फक्त मुलगी सुरक्षित ठिकाणी राहावी एवढेच वाटते. ज्यांनी यांपैकी कुठेही शिक्षण घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

नमस्कार भाऊ. मी मूळची गोंदिया जिल्ह्याची. नाट्यशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन आता एका महाविद्यालयात हाच विषय शिकवते.

माझे मत स्पष्ट आहे. तिने आताच नाट्य विभागात प्रवेश घ्यावा आणि गायन सोबत न्यावे, याच्या उलट करू नये. गळ्याचे शिक्षण एका गुरूसमोर बसून, रोज ठरलेल्या वेळी रियाज करून, विभागाच्या बाहेरही होऊ शकते. पण बारा-पंधरा जणांबरोबर वर्षानुवर्षे तालीम करणे, दुसऱ्याच्या प्रवेशात विंगेत उभे राहून पाहणे, प्रकाशयोजना आणि वेशभूषेची कामे स्वतः करणे, शरीराचे व्यायाम एकत्र करणे, हे एकट्याने कुठेही मिळत नाही. म्हणूनच पुणे किंवा खैरागढ यांसारखी जागा निवडावी, जिथे संगीत विभाग हाकेच्या अंतरावर असतो आणि तिथल्या शिक्षकांना विनंती करून शिकता येते. वेळापत्रकात ते लिहिलेले नसते, पण विचारणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी नाही म्हणत नाही, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या काळजीविषयी दोन शब्द. प्रमाण उच्चार शिकल्याने बोली जात नाही, ती जपण्याचा आग्रह मात्र स्वतः धरावा लागतो. आपल्या शेजारच्या छत्तीसगडचे हबीब तन्वीर लंडनला नाट्यशिक्षण घेऊन आले आणि पुढे त्यांनी ‘नाचा’ या तिथल्या लोकनाट्याच्या ग्रामीण कलावंतांना त्यांच्याच बोलीत आणि त्यांच्याच गळ्यात उभे केले. ‘चरणदास चोर’मधील गाणी त्या आवाजांशिवाय कल्पनेतही येत नाहीत. तुमच्या बहिणीने हे काम नक्की अभ्यासावे.

सांगीतिक नाटकाच्या वर्गात करून घेतला जाणारा एक सराव ती आजपासून घरी करू शकते. पदाचे शब्द आधी चाल पूर्ण विसरून साध्या संवादासारखे म्हणायचे, समोरच्या पात्राकडून आपल्याला काय हवे आहे ते ठरवून म्हणायचे, मग तेच शब्द एकाच स्वरावर म्हणायचे आणि शेवटी चालीत गायचे. प्रत्येक वेळी अर्थाचा जोर जिथे पडतो तिथेच तो गाताना पडतो का हे तुम्ही ऑर्गनवर बसून ऐकावे. ज्या तानेने तो जोर हलतो ती तान सोडून द्यावी. वन्समोर नाकारताना तिने जो विचार केला तो याच जातीचा आहे, आणि तो बरोबर होता.

झाडीपट्टीतील अनुभवाचे पुरावे आजपासून सांभाळा. प्रयोगांची जाहिरात पत्रके, मंडळाच्या लेटरहेडवरील दाखले, छायाचित्रे, ध्वनिचित्रफिती, सारे तारखेनिशी ठेवा. पुढे दिल्लीच्या अर्जाच्या वेळी याच कागदांसाठी धावपळ होते. शुल्कमाफीसाठी त्या त्या संस्थेच्या शिष्यवृत्ती कक्षात अभ्यासक्रमाचे नेमके नाव देऊन लेखी विचारणा करा, आणि खैरागढ राज्याबाहेर असल्यामुळे त्याची चौकशी स्वतंत्र करा. उत्पन्नाचा दाखला व अधिवास प्रमाणपत्र तहसीलमधून आताच काढून घ्या.

प्रतिसाद

मी नागभीड भागात गायनाचे वर्ग घेतो, त्यामुळे फक्त गळ्याविषयी लिहितो. ‘पहाटेपर्यंत घसा बसतो’ हे वाक्य वाचून मला चिंता वाटली. बसलेल्या आवाजावर जोर देऊन गात राहिल्यास स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात, म्हणून प्रवेश परीक्षेच्या आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून एकदा तपासणी करून घ्यावी. रोज पहाटे अर्धा तास खर्जाचा रियाज, तोही हलक्या आवाजात, आणि प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती हे नियम पाळावेत. काळी चारचा हट्ट सोडून काही महिने एक-दोन पट्ट्या खाली गाऊन पाहावे, म्हणजे खालचे सप्तक भरेल.

वरील ताईंच्या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. अठराव्या वर्षी आवाज कच्चा असतो, आणि तीन वर्षे घरी राहून एका गुरूकडे पक्के गाणे झाले तर पुढे कोणताही विभाग तिचे काही बिघडवू शकणार नाही. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे १९६७ मध्ये नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये उभे राहिले, तेव्हा त्यांच्यामागे कित्येक वर्षांची तालीम होती. त्या भूमिकेचा प्रभाव त्या तयारीतून आला आहे.

धागाकर्त्याचे उत्तर

ताई आणि सर, दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज दुपारी दोन्ही प्रतिसाद घरात सर्वांसमोर वाचून दाखवले. आईने ताईंना विचारायला सांगितले आहे की खैरागढला मुलींच्या वसतिगृहात सुट्टीच्या काळातही राहता येते का, कारण धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिला घ्यायला जाणे आम्हाला अवघड जाते.

घशाची तपासणी पुढच्या आठवड्यात ब्रह्मपुरीला करून घेतो आणि ऑर्गनची पट्टी आजच खाली घेतली आहे. घर आता सोडायचे की तीन वर्षांनी, यावर तुम्हा दोघांत मतभेद आहेत, पण बहिणीने ताईंची बाजू घेतली आहे, म्हणून आम्ही पुणे आणि खैरागढ दोन्हीकडे अर्ज करणार आहोत. आता एकच शंका उरते. प्रवेशाच्या वेळी सादरीकरणासाठी तिने झाडीपट्टीच्या नाटकातील संवादासह पद घ्यावे, की परीक्षकांना परिचित असलेले जुने नाट्यपद घ्यावे? साथीला मला आत बसू देतात का, की केवळ तानपुऱ्यावर गावे लागते? कोणी अलीकडे ही परीक्षा दिली असल्यास कृपया कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे तालीम सुरू करता येईल.