डेमो, काठ, रंग लागणे: जुन्या संगणकांच्या कलेला मराठी शब्द

सातरस्ता (सोलापूर)
कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहायला घेतलाय. विषय आहे जुन्या घरगुती संगणकांवरचे डेमो. कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम असल्या १९८२ सालच्या यंत्रांवर चित्र, हालचाल आणि संगीत एकत्र बांधून केलेली करामत. मराठीच्या मॅडमनी मसुद्यात 'डेमो' खोडून 'प्रात्यक्षिक' केलं आणि 'डेमोसीन'चं 'प्रात्यक्षिक-दृश्य'. आता माझाच लेख मला कळेना झालाय. जाणकारांनी शब्द सुचवावेत.

चाटीगल्ली
प्रात्यक्षिक नको. त्याला समोर शिकणारा लागतो: अग्निशमनाचं प्रात्यक्षिक, ठिबक सिंचनाचं प्रात्यक्षिक. हा डेमो कुणाला काही शिकवत नाही, विकतही नाही. 'बघा, ह्या डब्यातून हेसुद्धा निघतं' एवढंच त्याचं म्हणणं.

कुणी 'चित्रफीत' सुचवायच्या आत सांगतो, तेही चालणार नाही. फितीत सगळं आधीच भरून ठेवलेलं असतं. डेमोतलं चित्र प्रोसेसर त्या त्या क्षणी हिशेब करून काढतो. ६४ केबीत फीत मावणार कुठे? मावत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. 'डेमो' मराठीत केव्हाच रुळलाय, मिक्सरवाल्यापासून क्लासवाल्यापर्यंत सगळे म्हणतात. तोच ठेवा आणि इथला अर्थ पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका.

सीनचं 'दृश्य' म्हणजे मात्र कहर झाला. इथे सीन म्हणजे माणसं.

पूर्वभाग
मग 'डेमोमंडळी' म्हणा की. फिनलंडने २०२० साली ह्याला आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं, २०२१ साली जर्मनीने. वारसा मानला तो लोकांच्या रिवाजाचा, यंत्रांचा नाही.

'इंट्रो'चं 'प्रस्तावना' करू नका, मॅडमना आत्ताच सांगून ठेवा. विकतच्या खेळांचं नक्कल-बंदीचं कुलूप तोडणारी पोरं खेळ सुरू व्हायच्या आधी आपल्या टोळीच्या नावाचा पडदा टाकायची, तो इंट्रो. पुढे पडदाच भारी व्हायला लागला, खेळ मागे पडला आणि नुसते पडदे वाटले जाऊ लागले. आज इंट्रो म्हणजे आकाराची अट पाळून केलेला डेमो, ४ केबीचा किंवा ६४ केबीचा. प्रस्तावनेशी त्याचा काडीचा संबंध उरलेला नाही. त्यात सरकत्या अक्षरांच्या पट्टीवर इतर टोळ्यांची नावं घेतात, ते 'ग्रीटिंग्ज'. त्याला सरळ 'रामराम' म्हणा. 'शेवटी सगळ्यांना रामराम घातलाय' हे कुणालाही कळेल.

सातरस्ता
रामराम घेतला! 'बॉर्डर उघडणे'चं काय करू? मॅडमनी 'सीमा उघडणे' केलंय. भारत-पाकिस्तानची बातमी वाटते.

पूर्वभाग
अहो, सोलापुरात बसून काठ विसरलात? काठ उघडणे!

आमच्याकडे चादरीचे माग होते, म्हणून मला हे मागावरूनच कळलं. टीव्हीवरचं चित्र एकदम उमटत नाही. धोटा फिरावा तसा किरण एकेक आडवी ओळ भरत खाली येतो. युरोपातल्या कमोडोरवर एका चित्राला ३१२ ओळी, सेकंदाला ५० चित्रं, आणि एक ओळ भरेपर्यंत प्रोसेसरला मिळतात फक्त ६३ ठोके. मधल्या ३२० बाय २०० ठिपक्यांत नक्षी, भोवती कोरा काठ. त्या काठात एरवी काही काढता येत नाही.

चित्राची चिप ठरावीक ओळीवर तपासते, खालचा काठ सुरू करायचा का? अक्षरांच्या २५ ओळी दाखवायच्या असतील तर ही तपासणी किरणाच्या २५१ व्या ओळीला, २४ असतील तर २४७ व्या. आता २५ वर चालू असताना २४७ वी ओळ बिनधोक जाऊ द्यायची आणि २५१ वी यायच्या आत चिपला सांगायचं, 'आता २४.' २४ च्या तपासणीची वेळ तर टळून गेलेली. काठ सुरूच होत नाही, आणि त्या जागेत स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हवी तिथे हलवता येणारी छोटी चित्रं, दिसायला लागतात. वेळ चुकली की काठ जागच्या जागी.

चाटीगल्ली
काय बे, एवढं माहीत असून आजवर गप्प होतास व्हय!

माझी भर स्पेक्ट्रमबद्दल. हा आपल्याकडे 'डीबी स्पेक्ट्रम' नावानेही विकला गेला. त्याच्या पडद्यावर ८ बाय ८ ठिपक्यांचे ७६८ चौकोन, आणि एका चौकोनात दोनच रंग. हिरव्या झाडापुढून पिवळा माणूस गेला की त्या चौकोनापुरता एक तरी आपला रंग सोडतो. इंग्रजीत ह्याला 'अ‍ॅट्रिब्यूट क्लॅश' म्हणतात. पुस्तकी भाषेत 'गुणधर्म-संघर्ष' करता येईल, पण करू नका. धुण्यात एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागतो, तसा इथे 'रंग लागतो'. चांगला चित्रकार रंग लागू नये म्हणून आधी चौकोन आखतो, मग चित्र बसवतो.

पूर्वभाग
आवाजाचंही लिहा. कमोडोरच्या सिड ह्या आवाजाच्या चिपला गळे तीनच. त्यातला एक तालात अडकला, एक चालीत, मग कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन सूर, कुठून आणणार? म्हणून उरलेल्या एकाच गळ्याकडून तीन सूर आळीपाळीने वाजवून घेतात, दर चित्राला एक. कानाला ते एकत्र वाजल्यासारखे वाटतात, वर एक खास थरथर येते. ती ऐकली की कमोडोर ओळखू येतो. ह्याला 'आलाप' किंवा 'तान' म्हणायचा मोह होईल, पण गाणाऱ्यांना ते खटकेल. 'फिरते सूर' पुरे.

सातरस्ता
डेमो, डेमोमंडळी, रामराम, काठ उघडणे, रंग लागणे, फिरते सूर. इंट्रो तसाच ठेवतो. राहिला स्प्राइट. तो वाचून पोरं कोल्ड्रिंक मागतील.

पूर्वभाग
बुट्टी, कापडावरच्या सुट्या नक्षीसारखी. कमोडोरला २४ बाय २१ ठिपक्यांच्या आठच मिळतात. पण किरण एका बुट्टीच्या खाली उतरला की तीच उचलून पुढच्या ओळींवर पुन्हा लावतात, म्हणून पडद्यावर आठाच्या दुपटी-तिपटीने दिसतात. फक्त मॅडमना आधी विचारा, बुट्टी हलते हे त्यांना चालेल का. आमच्या चादरीवरची तर कधी हलली नाही.