सराव तळाची जमीन: वरवर वेचणं पुरे, की चार फूट खोल?

तापीकाठ, रावेर: लष्कराच्या जुन्या सराव तळाची जमीन शेतकऱ्यांना परत देताना न फुटलेले गोळे किती खोलपर्यंत काढायचे, हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांवरचा वायकोलोआ सराव तळ घ्या. १९४३ ते १९४५ अमेरिकी मरीन सैनिकांनी तिथे तोफा, मॉर्टर (आखूड नळीच्या उखळी तोफा) चालवले. १९४६ मध्ये सफाई झाली, तरी १९५४ मध्ये राहिलेला गोळा फुटून दोघं मेलेच. जमीन परत करायची तर चार फूट साफ करूनच करा.

भुसावळवाला: बोलायला काय जातं! तिथल्याच काहोओलावे बेटावर सफाईत दहा वर्षं अन् सुमारे ४० कोटी डॉलर गेले. २००४ मध्ये काम थांबलं तेव्हा चार फूट खोल साफ झालेला भाग जेमतेम दहावा हिस्सा. खोली वापरावर ठरवा. केळीचा खड्डा दीड फुटाचा, तिथे अडीच फूट करा. चराईला वरचं पुरे.

तापीकाठ, रावेर: चराईच्या रानात खुंटी ठोकत नाहीत का? आणि आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती फुगते. पुरलेलं लोखंड जागेवर राहत नाही, भाऊ.

वरणगावकर: गोळे शोधणाऱ्या यंत्राचं कुणीच बोलत नाही. ढोबळ आडाखा असा: गोळ्याच्या व्यासाच्या अकरा पट खोलीपर्यंत तो सापडतो. मॉर्टरचा ६० मिमीचा गोळा ६६ सेंमीपर्यंत, ३७ मिमीचा गोळा ४० सेंमीपर्यंत. म्हणजे चार फुटांवरचा ३७ मिमी दिसणारच नाही, बिल मात्र चार फुटांचं! हवाईचा खडकही आपल्यासारखा बेसाल्ट. मॅग्नेटोमीटर (चुंबकीय फरकावरून लोखंड शोधणारं यंत्र) दगडावरच ओरडतो. म्हणून आधी त्याच मातीत निकामी गोळे मोजून पुरायचे आणि यंत्राला किती सापडतात ते बघायचं. खणायचं हाताने, बाजूने, वरून कधीच नाही. तोफेतून सुटून न फुटलेल्या गोळ्याचा फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) सज्ज असू शकतो, तो उचलायचा नाही. वाळूच्या गोण्या रचून जागीच उडवायचा. फुटलेल्या गोळ्याची कपची निघाली की त्याच खड्ड्यावर यंत्र पुन्हा फिरवा. कपचीच्या आवाजाखाली मोठा गोळा दडलेला असतो, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.

धरणगाव: ब्रिटिश अधिकारी जेम्स औट्रमची भिल्ल पलटण १८२५ मध्ये आमच्याकडेच उभी राहिली. त्या बंदुकांच्या शिशाच्या गोळ्या फुटत नाहीत, मॅग्नेटोमीटरला दिसतही नाहीत. त्याला फक्त लोखंड कळतं.

तापीकाठ, रावेर: मग थराथराने काढा. एक फूट माती उचला, चाळा, खाली पुन्हा यंत्र फिरवा.

भुसावळवाला: हे पटतं, पण फक्त बागायतीपुरतं. तेही मार्च ते मे. ओली काळी माती चाळणीला चिकटून बसते. आणि वरची कसदार माती वेगळी ठेवून परत वरच पसरायची, हे टेंडरमध्ये लिहून घ्या. नाहीतर शेतकऱ्याच्या पदरी मुरूम.