दवाखाना, मूल आणि न बोललेलं: तुमचे अनुभव लिहा

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची पहिली कुणकुण बरेचदा दवाखान्यातच लागते. कधी तर घडतंही तिथेच. डॉक्टर, सिस्टर, आईवडील, कुणीही लिहा. फक्त गाव, वय बदला. मूल ओळखू येता कामा नये. सुरुवात मी करते.

ग्रामीण रुग्णालयातली ओपीडी. नऊ वर्षांची मुलगी पोटदुखीसाठी तिसऱ्यांदा आलेली. आधी दोनदा जंताच्या गोळ्या मीच दिलेल्या. टेबलावर घेतलं तर तिने फ्रॉकचं टोक दोन्ही मुठींत गच्च धरलं. मी हात मागे घेतला. "राहू दे, नाही तपासत." आईला केसपेपरच्या खिडकीवर पाठवलं, सिस्टर थांबल्या. "कधी दुखतं गं?" "काका आले की." पुढचे दहा प्रश्न जिभेवर आले होते, गिळले. खोदून विचारलं की मूल आपल्याला हवं ते बोलायला लागतं. तिचे तीन शब्द जसेच्या तसे लिहिले. आजी हात जोडत होती, "मॅडम, घरातली गोष्ट आहे." पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा; कळवायलाच हवं असं सांगणाऱ्या त्याच्या कलम 19 ला घरातलं-बाहेरचं कळत नाही. पोलिसांना कळवलं. त्या दोन वेळच्या गोळ्या मात्र अजून टोचतात.

— मी कॅज्युअल्टीत सिस्टर. रात्री बाप बारा वर्षांच्या पोराला घेऊन आला. ज्युनियर म्हणतो, आधी पोलिसांचं पत्र आणा. मोठ्या मॅडमनी त्याला तिथेच झापलं: उपचाराला पत्र लागत नाही, पैसेही घ्यायचे नाहीत, एफआयआर नसला तरी तपासणी होते. वॉर्डबॉय पुटपुटला, "मुलगाच तर आहे." पोराने ते ऐकलं. कपडे बापाने प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलेले; ओल धरून पुरावा खराब होतो, म्हणून वाळवून कागदी पाकिटात घातले.

— गर्भपातासाठी येणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचं काय? पोलिसांत नाव जाईल या भीतीने त्या भलतीकडे जातात. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली: मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करायची गरज नाही. पण कळवणं टळत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात, न कळवणाऱ्या डॉक्टरवरचा रद्द झालेला गुन्हा न्यायालयाने पुन्हा उभा केला.

— मी बाप. लेकीच्या गुडघ्याला फिजिओथेरपी. "पालक बाहेर थांबा," दार बंद. चौथ्या दिवशी ती जाईना. मी ओरडलो, नाटकं करू नकोस म्हणालो. दोन आठवड्यांनी आईला सांगितलं तिने. व्यवस्थापन म्हणतं, ते वीस वर्षं इथे आहेत. लेखी तक्रारीची पोचही देत नाहीत.

— दादा, आत थांबूनही भागत नाही. मी मिशिगनला असते. इथला जिम्नॅस्ट मुलींचा डॉक्टर लॅरी नासर, 2018 मध्ये 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली. काही वेळा आई खोलीतच असायची, तो मध्ये आडवा उभा राहायचा. आता माझ्या मुलाला डॉक्टर आधी सांगते कुठे हात लावणार, का लावणार. तो नको म्हणाला तर थांबते.

— दादा, पोचेची वाट बघू नका. थेट ठाण्यात जा, नाहीतर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 लावा. हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर संस्थाप्रमुखालाही वर्षापर्यंत कैद आहे.

— जाऊन आलो. जबाब घरीच घेणार आहेत, महिला अधिकारी, साध्या कपड्यांत. लेक म्हणाली, "मी सांगेन. बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका."