पूर्व आफ्रिकेतल्या मिशन शाळेत ‘एक वर्ष’ शिकवायला जाणं बंद व्हावं का?

नंदाखाळचा मास्तर

वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या धर्मग्रामांत, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, बी.एड. झालेल्या मुलामुलींना ‘एक वर्ष मिशनला द्या, केनियात नाहीतर टांझानियात शिकवा’ असं आवाहन केलं जातं. माझं मत असं की वर्षभरासाठी पाठवणं थांबवावं. जायचं तर किमान तीन वर्षं, नाहीतर जाऊच नये.

मुख्य अडचण भाषेची. टांझानियातल्या सरकारी प्राथमिक शाळेत सातवीपर्यंत किस्वाहिली माध्यम असतं आणि माध्यमिकच्या पहिल्या वर्षी, म्हणजे फॉर्म वनला, सगळं एकदम इंग्रजीत. आपल्याकडे मराठी शाळेतलं मूल आठवीत सेमीला गेलं की बीजगणितात अडखळतं. तिथं इतिहास-भूगोलही इंग्रजीतच असतो. अशा वर्गात नुसतं इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षकाला ‘येस टीचर’ ऐकू येतं आणि फळ्यावरचं जसंच्या तसं वह्यांत उतरतं. समजलं किती, ते पहिल्या चाचणीत कळतं.

किस्वाहिलीचं व्याकरण नामांच्या वर्गांवर चालतं. ‘किताबु’ म्हणजे पुस्तक, अनेकवचन ‘विताबु’. शब्द अरबीतून आलेला, पण तोही त्यांनी आपल्या की-वी वर्गात बसवून घेतला. नामाचा वर्ग बदलला की विशेषण आणि क्रियापदाचा सुरुवातीचा भागही बदलतो. रोज अभ्यास केला तर ‘वही उघडा, बसा, पुढचं गणित सोडवा’ एवढं पाच-सहा महिन्यांत जमतं. मुलाची चूक नेमकी कुठं झाली हे त्याच्या भाषेत सांगणं मात्र दुसऱ्या वर्षाचं काम. म्हणजे एक वर्षवाला उपयोगी पडायला लागतो तेव्हाच परत निघतो.

वेळापत्रकाचंही तसंच. तिथं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. आपला माणूस इथलं वर्ष संपवून जूनमध्ये पोचतो आणि पुढच्या जूनमध्ये निघतो. दोन वर्ग अर्धे-अर्धे शिकवून होतात आणि फॉर्म फोरची, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षाची, मुलं वर्षअखेरच्या बोर्डाच्या परीक्षेला त्याच्याशिवाय बसतात.

दर ६ फेब्रुवारीला आपण वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचं नाव घेतो. १५९७ साली नागासाकीला ते हुतात्मा झाले. १५९३ मध्ये मनिलाहून जपानला गेलेल्या फ्रान्सिस्कन मंडळींत ते दुभाषी होते. त्यांना जपानी येत होतं म्हणून ते त्या कामाला हवे होते. तेवढा धडा तरी घ्यावा.

आगाशीकर

सर, गोन्सालोंचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. ते जपानी वसईत शिकले नव्हते, तिथं जाऊनच शिकले. आधी तीन वर्षांची अट घातली तर जाणारेच उरणार नाहीत. इथं अनुदानित शाळेतली जागा सोडली की पुन्हा शिक्षक भरतीची टीएआयटी परीक्षा आणि पवित्र पोर्टल आहेच. तीन वर्षं कोण सोडेल?

आणि सगळीच कामं भाषेवर अडत नाहीत. केनियात माध्यमिकच्या शेवटच्या परीक्षेला, केसीएसईला, रसायनशास्त्राचा तिसरा पेपर प्रात्यक्षिकाचा असतो. त्यात बहुधा अनुमापन (टायट्रेशन) येतं आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः करावं लागतं. खेडेगावातल्या शाळेत ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या तोटीच्या काचनळ्या, मोजक्या, त्यातल्या काहींच्या तोट्या गळतात. मग शिक्षक पुढं उभा राहून करून दाखवतो आणि मुलं नुसती बघतात. परीक्षेत पहिल्यांदा हातात ब्युरेट आली की हवेचा बुडबुडा तोटीखाली राहतो, पहिलं वाचन चुकतं आणि तिन्ही वाचनं जुळत नाहीत. सरावलेला विज्ञान शिक्षक दोन सत्रांत हे सगळं बसवू शकतो: गळक्या तोट्यांना व्हॅसलीन, चार-चार मुलांचे गट, आलटून-पालटून वेळ आणि द्रावणं करायचा तक्ता भिंतीवर. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडला लिटरमागे ४ ग्रॅम, हे लॅब सांभाळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असलं की त्याला कुणाला विचारावं लागत नाही. याला किस्वाहिलीचं व्याकरण कशाला?

एक सूचना जाणाऱ्यांना. रसायनं इथून नेऊ नका. आम्लं विमानाच्या सामानात चालत नाहीत. काचसामान न्या, बाकीचं नैरोबीत घ्या.

जव्हार रस्ता

दोघांचंही पटत नाही. जाऊच नये. जव्हार, मोखाडा, तलासरी आपल्या दारात आहेत. आश्रमशाळेत वारली बोलणारं मूल पहिलीत प्रमाण मराठी ऐकून गप्प बसतं. तो प्रश्न किस्वाहिलीच्या प्रश्नाएवढाच खोल आहे आणि त्याला ना विमान लागतं ना व्हिसा.

दुसरं, केनियात शिक्षकांचा तुटवडा आहे तो पगाराच्या पैशांचा, माणसांचा नाही. टीएससीकडे, म्हणजे त्यांच्या शिक्षक सेवा आयोगाकडे, नोंदणी झालेले कितीतरी शिक्षक नेमणुकीची वाट बघत बसलेत. सरकारी जागा कमी पडल्या की शाळेचं व्यवस्थापन मंडळ स्वतःच्या पैशांतून शिक्षक ठेवतं. त्यांना तिथं बीओएम टीचर म्हणतात. फुकट शिकवणारा परदेशी आला की पहिली जागा त्याची जाते. धर्मग्रामानं विमानाच्या तिकिटाचे पैसे त्या शिक्षकाच्या पगारासाठी पाठवावेत. त्याला भाषा येते, गाव ठाऊक आहे आणि तो जूनमध्ये निघून जाणार नाही.

नंदाखाळचा मास्तर

@जव्हार रस्ता: बीओएम शिक्षकाचा मुद्दा मान्य आहे, माझ्या पोस्टमध्ये तो यायला हवा होता. म्हणून जाणाऱ्यानं आधी मुख्याध्यापकांना लेखी विचारावं: माझ्या येण्यानं कुणाचे तास कमी होणार? उत्तर टाळलं तर समजून घ्यावं. पण आश्रमशाळा विरुद्ध आफ्रिका असा हिशेब करू नका. मिशनला जाणारा माणूस श्रद्धेनं जातो. त्याला इथंच थांब म्हटलं म्हणून तो मोखाड्याला जाईलच असं नाही.

@आगाशीकर: तक्ता भिंतीवर राहतो, पण ते लॅब सांभाळणारे तुमच्या माणसाशी किस्वाहिलीत बोलतात. मोलर म्हणजे काय हे कोण समजावणार?

दापोलीचा वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण हा विषय कोकणाला नवा नाही. उलट्या बाजूनं तो आपण दोनशे वर्षांपूर्वीच अनुभवलाय. स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून बाणकोट आणि हर्णैला होते. त्यांनी आधी मराठी शिकून घेतली आणि शाळा मराठीत काढल्या. १८२९ साली आलेले जॉन विल्सनही आधी कोकणातच मराठी शिकले आणि मग मुंबईत काम सुरू केलं. पुढे दापोलीच्या मिशन शाळेत पां. वा. काणे शिकले, साने गुरुजी शिकले. दोघंही हिंदूच राहिले आणि शाळेचं नाव आजही आदरानं घेतलं जातं.

दुसरी बाजूही आहे. १८३९ मध्ये मुंबईत विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशी पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. शाळा मोडायला अभ्यासक्रम वाईट असावा लागत नाही, पालकांचा विश्वास उडाला की पुरे.

म्हणून कालावधीपेक्षा मला विचारायचंय ते हे: जाणारा शिक्षक आहे की प्रचारक, हे आधी ठरलंय का? पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासा आणि टांगाकडे, वर्गात मुस्लिम मुलं भरपूर असतात. गणिताच्या तासाला प्रार्थनेनं सुरुवात केली तर त्या घरांत काय पोचतं याचा विचार हवा.

पापडीची ताई

दापोलीकर, प्रश्न रास्त आहे. मिशन शाळेत सकाळची प्रार्थना असतेच, पण विषय शिकवणाऱ्यानं ती आपल्या तासात आणू नये. धर्मशिक्षणाचा तास वेळापत्रकात वेगळा असतो, तो त्या विषयाच्या शिक्षकाकडेच राहू द्यावा. श्रद्धा दाखवायला वह्या वेळेवर तपासून देणं पुरतं.

छडीबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि नवीन माणसाला सगळ्यात आधी हेच भिडतं. केनियात २०१३ च्या शिक्षण कायद्यानं शारीरिक शिक्षेवर बंदी आहे. टांझानियात नियमानं मुख्याध्यापकांच्या परवानगीनं चार फटक्यांपर्यंत मुभा आहे. पाहुण्या शिक्षकानं स्टाफरूममध्ये भाषण देऊ नये, पण ‘माझ्या वर्गात नाही’ हे पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांना सांगावं. उशिरा सांगितलं की सहकाऱ्यांना ते आपल्यावरची टीका वाटते.

मुलांचे फोटोही काढू नयेत. फाटक्या गणवेशातलं पोर इथल्या निधीसंकलनाच्या पत्रकावर छापलं जातं. त्याच्या आईला कुणी विचारलेलं नसतं.

कागदवाला

मतं काहीही असोत, कागद आधी. पर्यटक म्हणून जाऊन शिकवणं गुन्हा आहे, ‘फुकट शिकवतोय’ म्हटल्यानं सुटका होत नाही. केनियात धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी आय वर्गाचा परवाना असतो, टांझानियात मिशनरींना सी वर्गाचा निवासी परवाना. अर्ज तिथली यजमान संस्था करते आणि त्यात महिने जातात. केनियात शिकवायचं तर टीएससीची नोंदणीही लागते. पदवी, बी.एड. आणि गुणपत्रिका राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास अशा क्रमानं साक्षांकित करून घ्याव्यात. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे डिसिल्वा, डाबरे, रॉड्रिग्ज ही आडनावं दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरी असतात. अर्ज परत येतो तो बहुतेकदा यापायी.

पोलिस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून. केनिया-युगांडासाठी पिवळ्या तापाची लस जाण्याच्या किमान १० दिवस आधी, तीही सरकारमान्य केंद्रातच. प्रमाणपत्र नसेल तर परत येताना इथं विमानतळावरून विलगीकरणात नेतात. हिपॅटायटिस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे तयारी निदान सहा महिने आधीच सुरू करावी लागते.

आगाशीकर

ताई आणि कागदवाले, धन्यवाद. सर, मी थोडा मागे येतो. एक वर्षवाल्यानं वर्ग घेऊ नये, फक्त तिथल्या विज्ञान शिक्षकांसोबत प्रयोगशाळेत काम करावं. जूनऐवजी नोव्हेंबरच्या शेवटी पोचावं, डिसेंबरच्या सुट्टीत भाषा शिकावी आणि जानेवारी ते नोव्हेंबर पूर्ण वर्ष द्यावं. हे चालेल?

नंदाखाळचा मास्तर

नोव्हेंबरचं पटलं. वर्ग न घेण्याचंही पटलं, पण ते करारात लिहून घ्या. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी शिक्षक आजारी पडतो आणि आपला माणूस फॉर्म टूच्या वर्गात उभा असतो. एक वर्षाला मात्र माझा अजूनही विरोधच आहे.

आणि जाणाऱ्याला घड्याळ शिकवून पाठवा. किस्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजले, याचा अर्थ सकाळचे सात. ‘सा तातू’, शब्दशः तीन, म्हणजे नऊ. मुलांनी तोंडी ‘चाचणी सा म्बिली’ सांगितलं आणि शिक्षक दुपारी दोनला पोचला, तर वर्ग सकाळी आठपासून वाट बघत बसलेला असतो.